तुम्ही विचारलंत म्हणून: तवसोळी विकत का देत नाही

दिवाळी सरून पहाटे अंगणात दंव दिसायला लागलं की तवसोळीसाठी, म्हणजे आमच्याकडच्या काकडीच्या गोड केकसाठी, फोन सुरू होतात. यंदा तरी तवसोळीची ऑर्डर घेणार का? वाकळ एवढी छान शिवतेस, एखादी आम्हाला दे की, पैसे देतो. घरगुतीला आज किती मागणी आहे, तुला कळत कसं नाही? दहा वर्षं मी ‘बघू’ म्हणून विषय बदलत आले. यंदा माझ्या अगदी जवळच्या एका बाईंनी विचारलं, ‘तुला एवढा माज कसला गं?’ ते लागलं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

माज नाही. पैशांची गरज नाही असंही नाही. आमचं घर आंब्यावर चालतं आणि आंबा थंडीवर. डिसेंबरात रात्री नीट गार पडल्या नाहीत तर कलमांना पालवीच फुटत राहते, मोहोर लांबतो, आणि आंबा बाजारात जाईपर्यंत दर उतरलेले असतात. असल्या घरातली बाई येणाऱ्या पैशाला नाही म्हणते, तेव्हा तिने चार वेळा हिशेब मांडलेला असतो. मला जमणार नाही, हेही कारण नाही. मी एक हंगाम केलंय. अन्नसुरक्षेची नोंदणीसुद्धा केली होती, वर्षाला 100 रुपये भरून.

तवसोळी तुम्ही खाल्ली आहे, कुणी तिला धोंडस म्हणतं. पण ती होताना तुमच्यातल्या फार थोड्यांनी पाहिली असेल. पावसाळ्यात वेलावर जून झालेली तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, आम्ही सुंभात बांधून वाशाला टांगून ठेवतो. थंडीत एकेक उतरवायचं. आधी देठाकडचा तुकडा चाखायचा, कडू निघालं तर ते गुरांचं. मग गर काढून किसायचं, पण पाणी पिळून टाकायचं नाही, कारण वरून पाण्याचा थेंब घालायचा नसतो. तुपावर गुलाबी भाजलेला तांदळाचा रवा त्या पाण्यातच फुगतो. गूळ, ओलं खोबरं, वेलची, काजू, चिमूटभर मीठ. सगळं आळून आलं की जाड बुडाच्या टोपात केळीच्या पानावर थापायचं. टोपाखाली निखारे थोडे, वरच्या पत्र्यावर जास्त.

हे निखारे सासूबाईंचं काम. करवंट्या त्या आदल्या दिवशीच फोडून ठेवायच्या. मांडीवर वाकळ घेऊन चुलीपाशी बसायच्या, धावदोरा चालू, आणि मधेच सुई टोचून ठेवून म्हणायच्या, ‘पान करपता हा, खालचे वढ.’ मला वास यायच्या आधी त्यांना यायचा. टोप उतरला की उरलेल्या विस्तवात रताळी, करांदे पुरायचे. मुलगा आणि शेजारची दोन पोरं तिथेच घुटमळायची. खरवड कुणाला, यावरून भांडणं. आमच्याकडची थंडी ती केवढी, पण तिन्हीसांजेला सगळं घर त्या चुलीपाशी असायचं.

2015 च्या नोव्हेंबरात मी ओव्हन घेतला. बचत गटाच्या बैठकीत त्याच वर्षी मी उभी राहून बोलले होते की बाईने घरात केलं तर त्याला काम म्हणत नाहीत, विकलं की म्हणतात, तर मग विकूया. टाळ्या पडल्या होत्या. ते वाक्य मला आजही चुकीचं वाटत नाही, हीच माझी अडचण आहे.

ओव्हनने तवसोळी बिघडवली, असं मी म्हणणार नाही. 180 अंशांवर पाऊण तास, आणि वरची कड चुलीपेक्षा सारखी खरपूस. दिवसाला चार घाणे व्हायचे. पहिल्या आठवड्यात सासूबाई नेहमीसारख्या करवंट्या घेऊन स्वयंपाकघरात आल्या, उभ्या राहिल्या, आणि विचारलं, ‘आज विस्तवाचा काय काम नाय?’ मी मिक्सर चालू असतानाच मान हलवली. त्या वाकळ घेऊन पडवीत जाऊन बसल्या. मला तेव्हा त्यात काही दिसलं नाही. म्हाताऱ्या माणसाला धुरापासून सुटका मिळाली, असंच वाटलं.

नाताळाच्या आधी एका हॉटेलने 60 तुकडे सांगितले. संध्याकाळी पाचला गाडी येणार होती. एक घाणा जास्त झाला होता, तो बाजूला ठेवून बाकीच्याचे पट्टी लावून चौकोन कापले, ताटात दहा-दहाच्या सहा ओळी लावल्या. तेवढ्यात मुलगा शाळेतून आला. तेव्हा तो सात वर्षांचा, दुसरीत. दप्तर पाठीवरच होतं. त्याने नेहमीसारखा कडेचा तुकडा उचलला आणि मी त्याच्या हातावर मारलं. जोरात. तुकडा जमिनीवर पडला. मी ओरडले, ‘ती ऑर्डरची आहे!’

तो रडला नाही. वाकून त्याने तुकडा उचलला, फुंकर मारली आणि ताटात त्याच्या जागेवर नीट ठेवला. ओळ बिघडणार नाही असा. मी तो तुकडा पुन्हा बाहेर काढला. आणि पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तो तुकडा मी त्याला दिला नाही. कोंबड्यांना टाकला. जमिनीवर पडलेलं आमच्या घरात कुणी टाकत नाही, पुसून खातो. पण मला घाई होती, मी चिडले होते आणि तो तिथे उभा राहून बघत होता. जास्तीच्या घाण्यातून एक तुकडा कापून मी 60 पुरे केले. गाडी वेळेवर आली. पैसे रोख मिळाले.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी डब्यातला बेसनाचा लाडू त्याच्या हातावर ठेवला, तर त्याने विचारलं, ‘आजी, हो लाडू आपलो की ऑर्डरचो?’ मग भाकरी वाढली तरी, ‘ही आपली?’ केळं सोलतानाही तेच. कुठल्या रागाने विचारत नव्हता, खरंच माहीत करून घेत होता. शिमग्यापर्यंत तो विचारत होता. प्रत्येक वेळी मी म्हणायची, आपलंच आहे रे बाबा, खा.

त्या हंगामात खर्च वजा जाता 11,400 रुपये राहिले. त्यातून त्याची सायकल आली आणि माझ्या नावाचं पहिलं खातं उघडलं. ते पैसे हातात घेताना मला जे वाटलं होतं, ते पुन्हा कधी वाटलेलं नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. पुढच्या वर्षी मी ऑर्डर घेतल्या नाहीत. ओव्हन झाकून ठेवला, चूल पेटवली. सासूबाईंना आणखी चार हिवाळे मिळाले.

वाकळीचं थोडक्यात सांगते. आमच्या वाकळीत कुणाकुणाची लुगडी आहेत, हे टाक्याटाक्याला मला ठाऊक असतं. ती कुणाला द्यायची तर तशीच देईन, पैसे न घेता.

आता माझी मला सापडलेली खोट. आमच्याच वाडीत माझी जाऊ नाताळाला, जत्रेला पदार्थ करून विकते. तिची मुलं हुशार आहेत, हसरी आहेत, कामाला हात लावतात. ती पहिला घाणा घरात ठेवते आणि मग ऑर्डरला लागते. एवढं साधं होतं? मग मी धंदा का सोडला, फक्त तो पहिला घाणा बाजूला ठेवायला शिकले असते तर? मारलं मी, आणि बंद केली तवसोळी. त्या बैठकीत उभी राहिलेली मी आज समोर आली तर म्हणेल, स्वतःच्या रागाची शिक्षा तू स्वतःच्या कमाईला दिलीस. तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. फक्त वाटतं, तिने ती 60 ची ओळ आणि त्यातली ती रिकामी जागा पाहिलेली नव्हती.

गेल्या आठवड्यात मुलाचा फोन आला. तो आता शिकायला बाहेर असतो. ‘आई, रूमवरच्या पोरांका तवसोळी होयी. पैसे देतत. तू विकत कित्याक नाय?’ म्हणजे तोही. मी त्याला धीर करून सगळं सांगितलं, हातावर मारल्याचं, कोंबड्यांचंसुद्धा. तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘असा कधी झाला? माका काय आठवत नाय.’

मला वाटलं होतं, हे ऐकून बरं वाटेल. तसं झालं नाही.

वाशाला अजून तीन तवशी आहेत. एक देठाकडे मऊ पडायला लागलंय, ते या दोन दिवसांत उतरवावं लागेल. करवंट्या फोडून ठेवल्या आहेत. ओव्हनवरचं फडकंही काल धुतलं.