तुम्ही विचारलंत म्हणून: मोर्चाचा एकही फोटो कसा नाही?

गेले होते. शेवटपर्यंत चालले, घसा बसला. फोटो नाही. “मग गेलीस कशावरून?” असं हसत विचारणारे आता इतके झालेत की एकदाच लिहून टाकते.

पूर्वी मीही काढायचे, भरपूर. शांतता मोर्चात फोटो काढणाऱ्याला एक गोष्ट लगेच कळते. फलक खांद्यावर आडवे पडलेले असतात. कॅमेरा दिसला की उभे राहतात, घोषणेला जोर चढतो. कॅमेरा पुढे सरकला की हात खाली. मी मनात हसायचे. (तो पुठ्ठा तासभर वर धरून बघा, मग हसा.) फलकाची मागची बाजू तर कुणीच टिपत नाही. खोक्याचीच ती, ‘ही बाजू वर’चा बाण जमिनीकडे.

एकदा एक आजोबा दिसले. एकटेच, रस्त्याच्या कडेने चाललेले, फलक छातीशी. म्हटलं, “आजोबा, जरा वर धरता?” धरला. फोटो हलला. “पुन्हा एकदा?” पुन्हा धरला. “थोडं डावीकडे, ऊन चमकतंय.” तेही केलं. हात थरथरत होते, आणि खरं सांगते, ती थरथर मला हवीच होती. थँक्यू म्हणून मी पुढे पळाले. ते एक शब्द बोलले नाहीत.

रात्री फोटो मोठा करून पाहिला. वर शांततेचं चिन्ह, गोलातल्या रेषा. त्याखाली मी घोषणा समजले होते ती ओळ म्हणजे एक नाव होतं आणि पुढे दोन सालं. वजाबाकी केली. 19.

त्या माणसाला मी तीनदा हात वर करायला लावले होते आणि फलक वाचला नव्हता. चिन्हाची माहिती मात्र फोटोखाली द्यायला तयार होती: जेराल्ड होल्टम, 1958, अण्वस्त्रविरोधी मोर्चासाठी काढलेलं, झेंड्यांच्या खुणांच्या लिपीतली एन आणि डी ही अक्षरं, म्हणजे ‘न्यूक्लिअर डिसआर्मामेंट’, अण्वस्त्रं नष्ट करा. होल्टमने पुढे लिहिलं होतं की आपण त्यात स्वतःलाच काढलं, हात खाली पसरलेला हताश माणूस. हेही मला पाठ होतं.

फोटो टाकला का? टाकला. खालची ओळ कापून. तेव्हा स्वतःला सांगितलं, त्यांचं खाजगी दुःख आहे, चव्हाट्यावर नको. आज वाटतं, त्या ओळीने माझा फोटो बिघडत होता. कदाचित दोन्ही खरं असेल. लाइक्स खूप आले.

आता तुम्ही म्हणाल, फोटोच नसते तर? माहीत आहे. 1967 साली पेंटागॉनसमोर संगिनींपुढे फूल धरून उभी असलेली मुलगी मार्क रिबूने टिपली नसती, तर ती आज कुणाला आठवली असती? मी स्वतःशी हाच वाद घालते. मग दुसरी मी म्हणते, 15 फेब्रुवारी 2003 ला जगभर शेकडो शहरांत लोक इराकवरच्या युद्धाविरुद्ध उतरले, फोटोंना काय तोटा होता? मार्चमध्ये युद्ध सुरू झालंच. त्यावर पहिली विचारते, मग चालून तरी काय झालं? इथे दोघीही गप्प.

परवाच्या मोर्चात फोन घरी ठेवला होता. शेजारून चालणाऱ्या बाईंनी त्यांचा फोन पुढे केला, “माझा एक काढता का?” आधी त्यांचा फलक वाचला, सगळा. मग काढला. हलला.

“पुन्हा एकदा वर धरता?” मी म्हणाले.