स्प्रूस गूसच्या पोटात कॅमेरा घेऊन: ती प्लास्टिकची भिंत आधी समजून घ्या

ट्रायपॉड गाडीतच राहू द्या. अंगात काळा, लांब बाह्यांचा टीशर्ट घाला. आणि ‘विमान आतून पूर्ण फिरून फोटो काढता येतात’ असं सांगून कुणी पैसे मागितले, तर एक छदामही देऊ नका. मी दिले. म्हणूनच एवढं सविस्तर लिहिते आहे.

हे विमान म्हणजे अमेरिकन उद्योगपती आणि वैमानिक हॉवर्ड ह्यूजचं अवाढव्य लाकडी एच-४ हर्क्युलिस, जगाच्या तोंडी बसलेलं नाव ‘स्प्रूस गूस’. ते अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या मॅकमिनव्हिल गावी, एव्हरग्रीन विमान व अंतराळ संग्रहालयात आहे. पोर्टलंडहून नैर्ऋत्येला साधारण ६५ किलोमीटर. भाचा बीव्हर्टनला राहतो, त्याच्याकडे दोन आठवडे होते. सहली विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानावर ‘इंटीरियर फोटोग्राफी टूर’ दिसली आणि मी लगेच पैसे भरले. संग्रहालयाच्या साध्या तिकिटाच्या दुपटीहून जास्त. वर्णनात लिहिलं होतं: मालवाहू कक्षात मोकळेपणी फिरा, ट्रायपॉड चालेल, कॉकपिट समाविष्ट. तिन्ही गोष्टी खोट्या निघाल्या. मालवाहू कक्षाच्या दारात डोकावणं साध्या तिकिटातच असतं. कॉकपिटचे वेगळे पैसे मला तिथे पुन्हा मोजावे लागले, तेही त्या दिवशीची एक जागा उरली होती म्हणून. ट्रायपॉड उघडायला तर पायापुरतीही जागा नव्हती. नंतर त्या दुकानाला तीन ईमेल केले, एकाचंही उत्तर नाही. तेव्हा सगळं थेट संग्रहालयाकडून घ्या, आणि ट्रायपॉडचं काय ते निघण्याआधी त्यांनाच विचारा.

मला आतूनच फोटो का हवे होते, तेही सांगते. सांगलीला आमची लाकडाची वखार होती. प्लायवूडच्या कडेवर बोट फिरवून थर मोजायला बाबांनी मला शाळेत जायच्या आधी शिकवलं. एक थर उभा, दुसरा आडवा, म्हणून फळी वाकत नाही. या विमानाचं सगळं बळ त्याच तत्त्वात आहे. लाकडाचे पातळ पापुद्रे रेझिनने एकावर एक चिकटवायचे आणि उष्णता व दाब देऊन हव्या त्या आकारात बसवायचे. या पद्धतीला ड्युरामोल्ड म्हणतात. चिकटवलेलं धरेपर्यंत ठोकलेले बारीक खिळे नंतर उपसून काढले, त्यामुळे बाहेरचं अंग इतकं गुळगुळीत आहे की धातूच्या विमानावर दिसतात तशा रिव्हेटच्या रांगा शोधूनही सापडत नाहीत. आणि नावात स्प्रूस (एक सूचिपर्णी झाड) असलं तरी लाकूड बहुतांशी बर्च आहे, म्हणजे आपल्या हिमालयातल्या भूर्जवृक्षाच्या कुळातलं. ते टोपणनाव टीकाकारांनी दिलेलं, ह्यूजला ते अजिबात आवडत नसे.

लाकूडच का, तर युद्धकाळात ॲल्युमिनियमवर निर्बंध होते. जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये जहाजं बुडवत होत्या. १९४२ मध्ये हेन्री कायझर या जहाजबांधणी करणाऱ्या उद्योजकाने ह्यूजला गाठलं: ७५० सैनिक एका खेपेत समुद्रावरून नेईल अशी उडती नौका, म्हणजे पाण्यावरून उडणारं आणि पाण्यावरच उतरणारं विमान, बांधायची. बांधून होईपर्यंत युद्ध संपलं. २ नोव्हेंबर १९४७ रोजी लाँग बीचच्या बंदरात पाण्यावर धावण्याच्या चाचण्या होत्या. तिसऱ्या धावेत ह्यूजने ते उचललं, जेमतेम ७० फूट उंच, सुमारे दीड किलोमीटर. त्यानंतर ते कधीच उडालं नाही. पंखांचा पसारा जवळजवळ ९८ मीटर. उड्डाण केलेल्या कुठल्याही विमानाचा इतका पसारा २०१९ पर्यंत नव्हता.

आता ती भिंत.

दारातून आत शिरलात की तुम्ही पारदर्शक प्लास्टिकच्या एका खोक्यात उभे असता. पुढे-मागे विमानाचं पोट पसरलेलं आहे, शेपटीकडे एकामागून एक कमानी लहान होत जातात. जहाजाच्या सांगाड्यात उभं राहिल्यासारखं वाटतं. पण तुमच्या आणि त्या कमानींच्या मध्ये प्लेक्सिग्लास आहे. ते तिथे असायलाच हवं, याबद्दल माझं दुमत नाही. ह्यूज १९७६ मध्ये गेला तोपर्यंत हे विमान त्याने हवेचं तापमान आणि ओल सांभाळणाऱ्या हँगरमध्ये जपलं होतं. वखारीत वाढलेल्या माणसाला लाकूड आणि ओल यांचं वैर सांगावं लागत नाही. पण फोटो काढणाऱ्याला ही भिंत आहे हे आधी कळलंच पाहिजे.

माझ्या पहिल्या वीस फ्रेममध्ये प्लास्टिकवर प्रतिबिंब पडलेली मीच आहे. मोतिया रंगाचा कुर्ता, हातात कॅमेरा, मागे शेपटीचा बोगदा. मग पोलरायझर, म्हणजे प्रतिबिंब कमी करणारा लेन्सवरचा फिल्टर, लावला. तो तर मुळीच लावू नका: ताण असलेल्या प्लास्टिकमधून पोलरायझरने पाहिलं की निळे-जांभळे पट्टे उमटतात, आणि ते नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने जात नाहीत. फ्लॅशचं तर नावच काढू नका. शनिवार होता. पोरांच्या हातांचे ठसे बरोबर माझ्या लेन्सच्या उंचीवर. आपल्या रुमालाने पुसू नका, प्लेक्सिग्लासवर चरे पडतात. तिथल्या एका स्वयंसेवक आजोबांना सांगितलं, त्यांनी मऊ कापड आणून पुसून दिलं. पुसता पुसता सांगितलं की पाण्यात काही फुटतूट झाली तरी तरंगत राहावं म्हणून या विमानात फुगवलेले बीच बॉलसुद्धा भरले होते.

पाऊण तास मी त्या खोक्यात होते. दर दोन मिनिटांनी मागे माणसं उभी राहत. बाजूला व्हायचं, पुन्हा जागा धरायची, पुन्हा फोकस. खांदा भरून आला. शेवटी जमलं ते असं: भाच्याचं काळं जॅकेट घालून त्याची एक बाही लेन्सभोवती गुंडाळली, रबराचं मऊ हूड थेट प्लास्टिकला टेकवलं आणि कॅमेरा तिथेच दाबून धरला. टेकवल्याने प्रतिबिंब जातं आणि हातही हलत नाही, म्हणजे ट्रायपॉडची उणीव निम्मी भरून निघते. २४ मिलिमीटर, एफ २, १/१५ सेकंद, आयएसओ १६००. भिंतीला काटकोनात राहा. जरा तिरकं झालं की दुहेरी कडा येते. फोकस हाताने करा, नाहीतर कॅमेरा ठशांवर फोकस धरतो. दूरचं जवळ आणणारी सत्तर-दोनशेची लेन्स मी उगाच वाहिली. आत तिचा काडीचा उपयोग नाही.

यानंतर कॉकपिटला गेले नसते, तर मी तुम्हाला सांगितलं असतं की जाऊच नका.

गोल जिन्याने वर जायचं. जिना अरुंद आहे, पाठीवर बॅग असेल तर अडकते, फक्त कॅमेरा घ्या. एका वेळी थोडीच माणसं नेतात आणि इथे मध्ये प्लास्टिक नाही! अंगाचा सगळा शीण गेला. डाव्या खुर्चीत बसले, ज्या खुर्चीतून ह्यूजने ते विमान उचललं तिथे. समोर आठ इंजिनांचे आठ थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचे दांडे. प्रत्येक इंजिन २८ सिलिंडरचं, ३००० अश्वशक्तीचं. मागे फ्लाइट इंजिनिअरची जागा, घड्याळांसारख्या तबकड्यांच्या रांगाच रांगा. पंख मुळाशी इतका जाड आहे की उडतानाही माणसाने आतून चालत इंजिनांपर्यंत जावं, अशी योजना होती. हे ऐकताना मी कॅमेरा खाली ठेवला.

कॉकपिटचे पैसे जास्त वाटतील. द्या. जेवणावरचे पैसे वाचवा, पण हे चुकवू नका, आणि आगाऊ नोंदवून जा. १४ ते १६ मिलिमीटरची लेन्स हवीच. रुंद कोनाचा चांगला फोनही इथे चालतो. खिडक्या पांढऱ्याफटक होतात, म्हणून उजेड कमी-जास्त ठेवून, दोन-दोन स्टॉपच्या फरकाने, त्याच दृश्याच्या तीन फ्रेम घ्या. कोपरं छातीशी घट्ट धरा, श्वास सोडून बटण दाबा. वेळ फार थोडा मिळतो, त्यामुळे आधी थ्रॉटल, मग इंजिनिअरची जागा आणि स्वतःचा फोटो सगळ्यात शेवटी. मी उलट केलं, आणि तबकड्यांची एकच फ्रेम धड आली.

बाहेरून पूर्ण विमान एका फ्रेममध्ये घ्यायचा हट्ट सोडा. त्याच्या पंखाखाली इतर विमानं उभी आहेत आणि इमारतीची दर्शनी भिंत काचेची असल्याने उजेड अंगावर येतो. बाजूच्या इमारतीतलं एसआर-७१ हे हेरगिरीचं विमान पाहिलं, चांगलं आहे.

शनिवार-रविवार टाळा. ९९ डब्ल्यू या रस्त्यावर डंडी गावापाशी गाड्या तुंबतात. आम्ही जाताना तिथे पन्नास मिनिटं गमावली, आणि म्हणूनच गर्दीच्या वेळी पोचलो. सकाळी दार उघडताना तिथे असाल तर ते खोकं दहा-पंधरा मिनिटं तरी तुमचं एकट्याचं असेल. 

शेपटीचा फोटो त्याच रात्री बाबांना पाठवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला आणि फोनवर पहिलाच प्रश्न विचारला: “कमानीला जोड कुठे घेतलाय?” माझ्या फोटोत तो दिसत नाही, तेवढा भाग ठशांमुळे धूसर आला आहे. पुढच्या मे महिन्यात पुन्हा जाणार आहे. भाच्याला बुधवारची सकाळ मोकळी ठेवायला सांगितलं आहे, आणि काळा टीशर्ट आत्ताच बॅगेत टाकला आहे.