वाचवतं. पण कशापासून, ते विचारा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. व्याख्यान झालं की कुणीतरी उठतंच: 'मॅडम, प्रायॉन प्रथिन पेशीला मरणापासून वाचवतं की नाही? हो की नाही, एवढंच सांगा.' एवढंच सांगता आलं असतं तर मी केव्हाच दुसरा विषय घेतला असता.

घडी बिघडलेल्या, शेजारच्या चांगल्या प्रथिनाचीही घडी बिघडवत मेंदूत जीवघेणा रोग पसरवणाऱ्या प्रायॉनबद्दल तुम्ही ऐकलं असेल. मी बोलतेय ते निरोगी पेशीच्या पृष्ठभागावरच्या मूळ प्रथिनाबद्दल. 1992 मध्ये झुरिकमध्ये त्याचं जनुक निकामी केलेले उंदीर तयार झाले आणि चांगले वाढले. पुढच्या वर्षी दिसलं की त्यांना स्क्रेपी, म्हणजे मेंढ्यांमधला प्रायॉनचा आजार, होतच नाही. 'मग हे प्रथिन हवंच कशाला?' हा टोमणा तेव्हापासूनचा.

मी या विषयात आले ती नागासाकीच्या उंदरांमुळे. तिथेही हेच जनुक काढलं होतं, पण 1996 च्या त्या शोधनिबंधातले उंदीर म्हातारपणी, साधारण सत्तर आठवड्यांनंतर, झोकांड्या खाऊ लागले. लहान मेंदूतल्या, हालचालींचा तोल सांभाळणाऱ्या पुर्किंजे नावाच्या चेतापेशी मरत होत्या. प्रथिन काढलं, पेशी मेल्या. आणखी काय पुरावा हवा? पीएचडीच्या प्रस्तावात माझं पहिलंच वाक्य होतं, 'प्रायॉन प्रथिन चेतापेशींचं रक्षण करतं.' आजूबाजूला ना 'कदाचित', ना 'बहुधा'.

मग 1999 चा तो पेपर आला. सरांनी प्रिंटआउट माझ्याच हातात दिलं: 'शनिवारी जर्नल क्लबला तूच घे.' मी फळ्यावर जनुकांची रांग काढली. प्रायॉनच्या जनुकाशेजारीच डॉपेल नावाचं जनुक आहे. त्याचं काम वृषणात, प्रौढ मेंदूत ते जवळजवळ गप्प असतं. नागासाकीत कापताना जनुकातला, प्रथिनाचा मजकूर सुरू होण्याआधीचा एक तुकडाही गेला, त्यामुळे प्रायॉनच्या जनुकापासून सुरू होणारं वाचन थेट डॉपेलपर्यंत पोचलं आणि मेंदूत डॉपेल तयार होऊ लागलं. झुरिकमध्ये तो तुकडा शाबूत होता, म्हणून ते उंदीर चांगले राहिले. म्हणजे पेशी प्रायॉन प्रथिन नसल्यामुळे मरत नव्हत्या, डॉपेल असल्यामुळे मरत होत्या. मागून एका ज्युनिअरने निरागसपणे विचारलं, 'मग ताई, तुझ्या प्रस्तावाचं काय?' सगळे हसले. मीही हसले. खडू मात्र हातातच मोडला. घरी येऊन आईला सांगितलं, डोकं दुखतंय.

पण थांबा. त्याच नागासाकीच्या उंदरांत प्रायॉन प्रथिन परत घातलं तर पुर्किंजे पेशी वाचत होत्या! डॉपेल असूनही. माझा पुरावा गेला आणि माझं वाक्य मात्र शिल्लक राहिलं. पाऊसच नसेल तर छत्री गळते की नाही हे कळणार कसं? झुरिकच्या उंदरांवर पाऊसच पडला नव्हता.

यानंतर माझी बाजू भक्कम आहे असं मला वाटतं. 2007 मध्ये प्रायॉन प्रथिनातले 105 ते 125 एवढेच अमिनो आम्लांचे दुवे काढले, तर पिल्लं जन्मानंतर काही दिवसांतच मेली. अखंड प्रथिन पुरेसं दिलं तर जगली. 2001 मध्ये माणसाच्या चेतापेशींत बॅक्स हे मारेकरी प्रथिन सोडलं, तेव्हा प्रायॉन प्रथिनाने मरण रोखलं. हे जनुक नसलेल्या उंदरांत मेंदूचा रक्तपुरवठा तोडला की मेलेला भाग मोठा दिसतो.

(आता माझ्यातली पंचविशीतली मुलगी म्हणेल, 'बघ, मी सांगत होतेच.' तिला 2013 चा शोधनिबंध दाखवते. भक्षक पेशींच्या मेलेल्या पेशी गिळण्यातला जो फरक प्रायॉन प्रथिनाच्या नावावर जमा होता, तो शेजारच्या सर्पा नावाच्या जनुकाचा निघाला. पुन्हा शेजारी!)

आणि रोगात? तिथे हेच प्रथिन रोगाचा कच्चा माल. नॉर्वेत त्याच्याविना जन्मलेल्या शेळ्या मजेत चरतात. जनुकाची एक प्रत निकामी असलेली माणसंही धडधाकट सापडली आहेत. म्हणून हे प्रथिन कमी करणाऱ्या औषधाची माणसांवर चाचणी चालली आहे, आणि घरात प्रायॉनचा आजार असलेला कुणी मला विचारतो, 'मामाला देऊ का?' तेव्हा मी 'नको' म्हणत नाही. उद्या त्याला पक्षाघात झाला तर काय, हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहतोच.

तेव्हा पुढच्या वेळी विचाराल, तर आधी सांगा: झुरिकचा उंदीर, नागासाकीचा, की तुमचा मामा?