गेटला बारा पुरत नाहीत

मामांचा ट्रॅक्टर मोहोळकडचा. गाळप हंगामात रात्रीचा उसाच्या ट्रॉल्या ओढतो. मागच्या ५५ वॅटच्या हॅलोजनचा रिले (टक् करून कॉन्टॅक्ट जोडणारा चुंबकी स्विच) धुळीने नि धक्क्यांनी दोनदा चिकटला, तेव्हा "कॉन्टॅक्टच नसलेला स्विच करून देतो" असं मी बोलून बसलो होतो. गड्ड्याच्या जत्रेला सोलापुरात आले तेव्हा मामांनी आठवण करून दिलीच.

ट्रॅक्टरची निगेटिव्ह म्हणजे बॉडी. दिव्याचं एक टोक बोल्टमधून तिथेच जातं, त्यामुळे स्विच पॉझिटिव्हच्या वायरमध्येच बसणार. माझ्याकडे आयआरएफ झेड ४४, म्हणजे एन-चॅनेल मॉस्फेट, डबीभर पडलेले. मॉस्फेट हा काही न हलता चालणारा स्विच: करंट ड्रेनमधून शिरतो, सोर्समधून निघतो, आणि गेटवरचे व्होल्ट त्याला उघडतात. ड्रेन बॅटरीला, सोर्स दिव्याला, गेट दहा के च्या रेझिस्टरमधून सरळ बारा व्होल्टला. दिवा लागला, पण पिवळट. मॉस्फेटला बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं.

मीटर धरला. बॅटरी १२.४, दिव्यावर ८.९. मधले साडेतीन व्होल्ट मॉस्फेटच खात होता. चारेक अँपिअरने गुणले की १४ वॅट, तेही हीटसिंकशिवाय. मॉस्फेट गेटचे व्होल्ट बॉडीपासून मोजत नाही, सोर्सपासून मोजतो. दिवा पेटला की सोर्स वर चढतो आणि गेटचा जोर कमी पडतो. पूर्ण उघडायचा तर गेट सोर्सच्या दहाएक व्होल्ट वर हवा, म्हणजे बावीसच्या आसपास. बॅटरी तर बाराची.

पी-चॅनेल, म्हणजे गेट खाली ओढला की उघडणारा मॉस्फेट, घेतला असता तर हे झंझट नव्हतंच, हे कबूल. पण डबी समोर होती, आणि मला चार्ज पंप, म्हणजे बॅटरीपेक्षा जास्त व्होल्ट बनवणारं सर्किट, करून बघायचा होता.

कल्पना साधी. कपॅसिटर खाली बाराने भरून घ्यायचा, मग ५५५ या टायमर आयसीच्या सतत वर-खाली होणाऱ्या आउटपुटने त्याचं बूड वर उचलायचं. भरलेली घागर पायरीवर ठेवावी तसं. डायोड करंटला एकाच दिशेने जाऊ देतो: एक डायोड घागर भरतो, दुसरा वरचं पाणी पुढच्या कपॅसिटरमध्ये ओततो. ५५५ दहा किलोहर्ट्झला चालवला, १एन४१४८ चे दोन डायोड, ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर. गेटला २१.६ आले. दिवा पांढराशुभ्र, मॉस्फेट जेमतेम कोमट.

खरी फजिती बंद करताना झाली. ५५५ ची चार नंबरची, म्हणजे रीसेटची पिन खाली ओढली की पंप थांबेल आणि दिवा विझेल, असा माझा हिशेब. पंप थांबला. दिवा मात्र पिवळा होऊन तसाच, आणि मॉस्फेट पुन्हा चटका देणारा. अर्धा तास मी ५५५ च बदलत बसलो! शेवटी गेटवर मीटर लावला: ११.२. बॅटरी दोन्ही डायोडमधून सरळ गेटपर्यंत पोचत होती. पंप थांबला तरी बाराची वाट उघडीच. म्हणजे पहिल्या दिवशीचंच सर्किट, फक्त जास्त पार्ट लावून.

मग पंप चालूच ठेवला, पंप आणि गेटच्या मध्ये दहा के घातला आणि दिवा विझवताना गेट बॉडीला ओढायला एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर बसवला. गेट आणि सोर्समध्ये बारा व्होल्टचा झेनर, म्हणजे त्यांच्यातला फरक बाराच्या वर जाऊ न देणारा डायोड. इंजिन चालू असताना बॅटरी १४.४ ला जाते, तेव्हा गेटला २६ येतात. त्यातच दिव्याची वायर बॉडीला टेकली तर सोर्स शून्यावर, आणि या मॉस्फेटच्या गेटची मर्यादा २० ची. ५५५ चा सप्लाय चावीनंतर घेतला, नाहीतर उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी थेंबथेंब गळत राहिली असती.

महिन्याभराने मामांचा फोन. "दिवा झ्याक हाय रं. पर पयलं टक् वाजायचं, आता लागला का न्हाई ते मागं वळून बघावं लागतंय."

पुढच्या खेपेला डॅशबोर्डवर एक लाल एलईडी लावून आलो.