१२८ मुडदे, ३ हत्यारं

लेकीनं हट्टानं व्हिएतनामला नेलं. होय आन शहरातले कंदील, बोटी, कॉफी, फोटो सगळं झाल्यावर मी म्हटलं, इथून दोन-अडीच तासांवर 'सोन मी' नावाचं गाव आहे, तिथं जाऊ. जग जिला 'मी लाय' म्हणतं ती वस्ती तिथलीच. "बाबा, सुट्टीत ते कशाला?" म्हणाली, पण आली.

२८ वर्षं फौजेत काढून सुभेदार म्हणून पेन्शनीत आलोय. अशा ठिकाणी माझं लक्ष आधी कागदाकडे जातं. १६ मार्च १९६८ला व्हिएतनाम युद्धात अमेरिकी फौजेची चार्ली कंपनी ही तुकडी या वस्तीत शिरली आणि बायकापोरांसकट गावकरी मारले. वर गेलेला रिपोर्ट असा: शत्रूचे १२८ ठार, जप्त हत्यारं ३. आता १२८ जण लढत होते तर हत्यारं तीनच कशी? आमच्या कोतातलं, म्हणजे हत्यारांच्या कोठीतलं, नवखं पोरगंसुद्धा विचारेल, बाकीची कुठंयत? कंपनीचा जखमी एक, तोही स्वतःच्याच हातून पायात गोळी लागून. हा हिशेब ब्रिगेड, डिव्हिजन करत वर चढला आणि कुणालाच खटकला नाही. उलट व्हिएतनाममधल्या अमेरिकी फौजेचा प्रमुख जनरल वेस्टमोरलंड याची शाबासकी आली.

स्मारकाच्या भिंतीवर ५०४ नावं आहेत, नावासमोर वय. त्या रकान्यात १ असा आकडा दिसला आणि लेक उठून बाहेर गेली. बाहेर जळालेल्या घरांची जोती आहेत. सिमेंटच्या वाटांवर बुटांचे ठसे उमटवलेत, मधेच अनवाणी पावलांचे. बूट कुणाचे हे वेगळं सांगायला लागत नाही.

शिक्षा झाली एकाला, याच कंपनीतल्या लेफ्टनंट कॅलीला. २२ खून शाबीत, १९७१मध्ये जन्मठेप. राष्ट्राध्यक्ष निक्सननं तीन दिवसांत त्याला तुरुंगातून काढून क्वार्टरमध्ये नजरकैदेत ठेवलं. साडेतीनेक वर्षांत मोकळा. तो म्हणाला, कंपनी कमांडर कॅप्टन मेडिनाचा हुकूम होता. मेडिना म्हणाला, बायकापोरं मारा असं मी बोललोच नाही. मेडिना सुटला. ब्रिगेडचा कर्नल सुटला. डिव्हिजनच्या जनरल कोस्टरवर तर खटलाच चालला नाही, एक तारा उतरला आणि एक पदक काढून घेतलं, एवढंच. याच अमेरिकी फौजेनं १९४६मध्ये जपानी जनरल यामाशिताला फासावर चढवलं होतं, कारण मनिलात त्याच्या सैनिकांनी केलेल्या कत्तली त्यानं रोखल्या नाहीत. मला माहीत नव्हतं, हे त्याचं म्हणणं तेव्हा चाललं नाही.

म्हणून काही मी कॅलीला सोडत नाही. आपल्या आर्मी ॲक्टच्या कलम ४१मध्येही हुकूम मोडणं गुन्हा आहे खरा, पण हुकूम 'कायदेशीर' असला तर. आणि त्याच सकाळी ह्यू थॉम्प्सन नावाच्या वॉरंट ऑफिसरनं आपलं हेलिकॉप्टर गावकरी आणि अमेरिकी सैनिकांच्या मधोमध उतरवलं. हेलिकॉप्टरमधल्या आपल्या पोरांना सांगितलं, हे सैनिक गावकऱ्यांवर गोळ्या झाडायला लागले तर यांच्यावर फायर करा. या कामाचं पदक मिळायला १९९८ उजाडलं.

थॉम्प्सनचं कौतुक करणं मला जड जातं. २००१ची गोष्ट. मी नायब सुभेदार होतो, डोंगराळ भागात. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, ब्रेक नीट लागत नाहीत. सकाळी दाखवून मग निघतो." मी वर सांगितलं. वरून उत्तर आलं, रेशन रात्रीतच पोचलं पाहिजे. तेच मी खाली सांगितलं. गाडी तिसऱ्या वळणावर पलटी झाली, एका जवानाची मांडी मोडली. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत माझी जबानी चार ओळींची. ड्रायव्हरनं वेग सांभाळला नाही, असं लिहून सही केली. ब्रेकचं कुणी विचारलं नाही, मीही बोललो नाही. मला दोन पोरी होत्या, प्रमोशन जवळ आलं होतं. ज्यांनी हुकूम दिला ते साहेब पुढं चढत गेले. मीही चढलो. ड्रायव्हरला रेड इंक एन्ट्री, म्हणजे नोंदीत लाल शाईनं शिक्षेचा शेरा, लागली आणि नाईकाची पट्टी, म्हणजे बढती, हुकली.

तो आमच्याच तालुक्यातला. दरवर्षी नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला बँकेत भेटतो. परवाच्या खेपेला मी आत शिरलो तशी खुर्चीवरून उठला, "बसा साहेब" म्हणाला, आणि शिपायाच्या पेन्शनचं पासबुक हातात धरून भिंतीला टेकून उभा राहिला. मी बसलो.