शिळेला सावली हवी असते

माझं पोट लग्नांवर चालतं. हळद, मुंज, प्री-वेडिंग आणि सीझन नसला की मसाल्यांच्या पाकिटांचे नाहीतर दागिन्यांचे फोटो. प्रकार वेगवेगळे दिसले, तरी गिऱ्हाईक पैसे मोजतं ते सावली घालवण्याचे. नवरीच्या डोळ्यांखाली काळं दिसता कामा नये, पाकिटावर चकाकी येता कामा नये.

त्यामुळे ओळखीतल्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी रायगड जिल्ह्यातल्या एका गावी गधेगळीचे, म्हणजे दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी कोरलेल्या जुन्या शिळेचे, फोटो काढायला बोलावलं, तेव्हा प्रकाश मऊ करणारे सॉफ्टबॉक्स गाडीतच ठेवले आणि सुटा फ्लॅश, ट्रिगर, काळा पडदा एवढंच खाली घेतलं.

शिळा देवळाबाहेर, कमरेइतकी उंच. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, खाली गाढव आणि स्त्री. चंद्र-सूर्य असेपर्यंत दान चालू राहावं आणि जो ते मोडेल त्याला ही शिवी. शिलाहार राजांच्या काळातल्या अशा शिळा कोकणात बऱ्याच आहेत. इथे रोज फूल वाहणाऱ्या आजी मात्र म्हणाल्या, "देवी हाय बाबा ती, बेतानं." सरांनी मान डोलावली आणि चित्राचा अर्थ काही सांगितला नाही. मला ते आवडलं.

शिळेवर कुणीतरी भक्तीने ऑइलपेंट फासलेला. भर दुपारी समोरून पाहिलं तर अक्षरं आहेत एवढंच कळे. एक मुलगा रांगोळी घेऊन आला, खाचांत भरली की दिसेल म्हणाला. सरांनी त्याला थांबवलं. दगड खराब होतो आणि रांगोळी भरणाऱ्याला जे अक्षर वाटतं तेच पुढच्यांना दिसतं.

मग दोघांना पडदा धरायला लावून ऊन अडवलं. कॅमेरा ट्रायपॉडवर, सेन्सर शिळेला समांतर, शेजारी मोजपट्टी, एफ-८, आयएसओ १००. लेन्सवर पोलरायझर लावला, तशी रंगाची चकाकी बरीच उतरली. फ्लॅश अगदी बाजूला, दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ घासून जाईल असा धरला. डावीकडून पहिला फोटो घेतला आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर ओळीच्या ओळी उभ्या राहिल्या. पडदा धरणारे दोघेही बघायला धावले, त्यामुळे दुसऱ्या फोटोत नुसतंच ऊन.

मजा अशी की डावीकडच्या प्रकाशात काने ठसठशीत, पण शिरोरेषा गायब. प्रकाश ज्या दिशेने वाहतो त्याच दिशेच्या खाचेत सावली पडतच नाही. फ्लॅश वर नेला की शिरोरेषा आल्या आणि काने पुसट झाले. म्हणून कॅमेरा तसूभरही न हलवता फ्लॅश घड्याळाच्या काट्यासारखा शिळेभोवती फिरवत गेलो. नवरीचे हजार फोटो काढताना मी जागा बदलतो, इथे फक्त दिवा हलत होता.

अडलं ते लेखातल्या शकवर्षाच्या एका आकड्यावर. सरांना तीन वाटत होता, पण एक रेघ त्याला सहा करत होती. आम्ही तेवढाच भाग मॅक्रो लेन्सने, सगळ्या बाजूंनी प्रकाश टाकून घेतला. कोरलेल्या खाचेत दिव्याकडची कड काळी पडते आणि समोरची उजळते. दिवा उलट्या बाजूला नेला की हे बरोब्बर उलटतं. बाकीचा आकडा असाच वागत होता. ती रेघ मात्र एका बाजूने काळी दिसे आणि उलट बाजूने नुसती उजळ पायरी, समोरची कड अशी नाहीच. म्हणजे तिथे दगडाचा पापुद्रा निघालेला.

"तीनच," सर म्हणाले. लगेच पुढे, "पण अक्षरांचा कागदावर ठसा घेतल्याशिवाय छापायचं नाही."

निघताना सरपंचांनी शिळेसोबत सगळ्यांचा ग्रुप फोटो मागितला. आता सॉफ्टबॉक्स काढले, समोरून लावले. आजींसकट सगळे झकास आले. लेखाचं एक अक्षर दिसत नाही, पण ग्रामपंचायतीने फ्रेम करायला मागितला तो हाच.