माझ्या वाट्याचा सा

जून १९८६. सहावी ‘ब’. संगीताचे सर काखेत एक काळी पेटी मारून वर्गात आले. पेटी म्हटल्यावर आम्हाला हार्मोनियम ठाऊक. ही अंगाने फारच सडपातळ निघाली. सरांनी ती टेबलावर उघडली आणि पहिल्या बाकावरच्या पोराच्या हातात व्हायोलिन दिलं. ‘बघ आणि मागं दे.’ तास संपेपर्यंत ते वाद्य अख्ख्या वर्गाच्या हातांतून फिरलं. माझ्यापर्यंत आलं तेव्हा त्याला घामाचा आणि राळेचा वास येत होता. शेजारच्याने गजाच्या केसांना बोट लावलं, तसं सरांनी टोकलं. बोटाचं तेल लागलं की केस तार धरत नाहीत.

‘सर, केस कशाचे?’

‘घोड्याच्या शेपटीचे. एका गजात दीडशे-दोनशे असतात.’

‘नवरदेवाच्या घोडीचे का?’

सरसुद्धा हसले. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर शाळेच्या वाद्यवृंदात जायला आम्ही एकोणीस जण थांबलो. कुणाचीही गाण्याची परीक्षा झाली नाही. सरांनी प्रत्येकाचा डावा हात लांब करायला लावला, व्हायोलिन खांद्यावर टेकवलं आणि बोटं पुढच्या गोल डोक्याला वेढा घालतात का एवढं पाहिलं. ज्याची पोचली त्याला ते माप, बाकीच्यांना त्याहून लहान.

आपलं पूर्णा म्हणजे रेल्वेचं गाव. मनमाडकडून, सिकंदराबादकडून, अकोल्याकडून येणाऱ्या मीटरगेज गाड्या इथेच भेटायच्या. सर रेल्वे कॉलनीत वाढलेले, तिथल्याच एका निवृत्त गार्डाकडे व्हायोलिन शिकलेले. शाळेची वाद्यं त्यांनी हैदराबादहून गाडीने आणली: व्हायोलिन, त्याहून जरा मोठे व्हिओला आणि जमिनीवर टेकवून वाजवायचा भला मोठा एक चेलो. चेलोचं वेगळं तिकीट काढावं लागलं असं ते सांगायचे. खरं-खोटं देव जाणे.

पोरं जमवणं सोपं होतं, आई-बाप जमवणं अवघड. सर सायकलवर घरोघर जायचे. आमच्याकडे आले तेव्हा आजी ओसरीवर होती. पेटी उघडल्यावर म्हणाली, ‘ही तर किंगरी! आता लेकरू झोळी घेऊन दारोदार फिरणार का?’ एका मुलीच्या वडिलांनी विचारलं, वरातीत वाजवावं लागतंय का. माझ्या वडिलांचा प्रश्न सरळ होता: पुढच्या वर्षी सातवीची स्कॉलरशिप आहे, मार्क कमी पडले तर? आजकाल अशा वेळी संगीताने गणित सुधारतं वगैरे ऐकवतात. सरांनी तसलं काही सांगितलं नाही. ‘मार्कांचं मला माहीत नाही. शनिवारी दीड तास आणि घरी रोज पंधरा मिनिटं. दोन महिने तुमचे कान किटतील, तेवढं सोसा.’ वडिलांना हा माणूस खोटं बोलत नाही असं वाटलं असावं. त्यांनी हो म्हटलं.

कान किटले हे खरंच. गज पुलाच्या, म्हणजे तारांखालच्या लाकडी आधाराच्या, फार जवळ गेला की दार करकरल्यासारखा आवाज, फार वर गेला की नुसती हवा. तरी एकोणीसपैकी सतरा जण दिवाळीपर्यंत टिकले. हे का झालं, ते मला फार उशिरा कळलं.

सरांनी आम्हाला ‘आधी शिका, मग वृंदात या’ असं म्हटलंच नाही. पहिल्याच शनिवारी नवीन पोरं जुन्या मुलांच्या मागच्या खुर्च्यांवर. वाद्यवृंदाच्या सुरावटीतला आमचा भाग एका ओळीचा असायचा: मोकळ्या तारेवर सा, चार मात्रा, मग प, चार मात्रा. डाव्या हाताला काहीच काम नाही. त्यामागची युक्ती अशी. व्हायोलिनच्या चार तारा पाश्चात्त्य पद्धतीने लावल्या आणि खालून दुसरी सा धरली, तर तिसरी आपोआप प होते. व्हिओला आणि चेलोच्या तारा वेगळ्या असल्या तरी या दोन त्यांच्यातही मोकळ्या सापडतात. म्हणजे बोट कुठे ठेवायचं हे ठाऊक नसलेलं पोरही कुठल्याही वाद्यावर पहिल्या दिवशी सा आणि प देऊ शकतं. वर जुनी मुलं भूप राग वाजवायची. भूपात म आणि नी नाहीत. खाली सा धरून ठेवला तरी कुठे खटकत नाही. आम्ही तानपुऱ्याचं काम करत होतो आणि आम्हाला वाटायचं, आपण भूप वाजवतोय. महिन्याभराने सरांनी पट्टीवर कागदी चिकटपट्टीच्या बारीक रेघा लावल्या, पहिलं बोट ठेवलं की रे, आणि मागची खुर्ची एक-एक पुढे सरकत गेली.

१७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, आमचा पहिला कार्यक्रम. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. दमट हवेत खुंट्या फुगून बसल्या आणि सर सकाळपासून त्या पिळत होते. (उन्हाळ्यात उलटं; कोरड्या हवेत खुंट्या निसटायच्या, मग सर त्यांना फळ्यावरचा खडू चोळायचे.) माझी जागा शेवटच्या रांगेत, चेलोच्या शेजारी. तिसऱ्या आवर्तनात मी मोजायचं विसरलो. सगळे प वर गेले, मी सा वरच राहिलो. घाम फुटला. गज थांबवावा तर दिसेल, म्हणून ओढत राहिलो. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि हाताने ‘चालू दे’ अशी खूण केली. पुढच्या आवर्तनाला सगळे फिरून सा वर आले, तिथे मी आधीच होतो.

वडील रानातून तसेच आले होते, भिंतीला टेकून उभे. घरी जाताना म्हणाले, ‘त्यातलं तुझं कोणतं होतं रे?’

‘ते खाली घूं घूं करायलं होतं ना, ते.’

थोडं चालून म्हणाले, ‘ते सारखंच होतं की.’ एवढंच. पण त्यानंतर माझ्या पंधरा मिनिटांच्या वेळेला त्यांनी रेडिओ लावला नाही. उलट परभणी आकाशवाणीवर व्ही. जी. जोगांचं व्हायोलिन लागलं की मला हाक मारायचे.

मी पुढे वादक झालो नाही. वीज मंडळात लागलो, आता नांदेडला असतो. सर गेले, वाद्यवृंद त्यांच्या निवृत्तीनंतर तीन-चार वर्षांत बंद पडला. शाळेच्या महोत्सवाच्या बैठकीला आलो तेव्हा संगीताच्या नव्या बाईंनी कपाट उघडून दाखवलं. बऱ्याच व्हायोलिनांचा सरस सुटलाय, चेलोचा पूल पडलाय. चार वाद्यं मात्र तारा बदलल्या की बोलतील. बाई म्हणाल्या, मुलं कीबोर्ड मागतात, यांच्याकडे कशी वळवू? मी म्हटलं, सूचना फलकावर काही लावू नका. वाद्य घेऊन पाचवीच्या वर्गात जा आणि हातात द्या.

आम्ही दोघं तसेच गेलो. तिसऱ्या बाकावरच्या मुलीचा हात लांब करून पाहिला. बोटं डोक्यापर्यंत पोचेनात. तिला अर्ध्या मापाचं लागेल आणि कपाटातलं ते माप फुटलंय. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या माळ्यावर असं एखादं पडून असेल त्यांनी शाळेत आणून द्यावं. तारा आणि गजाचे केस माझ्याकडे लागले.

– एक माजी विद्यार्थी, दहावी १९९१